सावलीचा वाटा

सुरंगीचे वळेसर, म्हणजे फुलांचे गजरे, यंदा लवकर आले. मासळी बाजाराच्या वळणावर दोन बायका केळीच्या पानावर ते पिवळे वळेसर मांडून बसल्या, की आमच्याकडे उन्हाळा लागला असं समजायचं. पंचांग बघायला नको. तो वास नाकात शिरला की माझा हात आपोआप पुढे होतो, दोरी शोधायला. सगळं आयुष्य ती दोरी रापणीची होती. आता बावीची आहे.

विहिरीला आम्ही बाव म्हणतो. माझी बाव घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला लागून आहे. ऊन कौलांवरून उतरलं की तिथे रहाट कुरकुरायला लागतो आणि मी पडवीतली खुर्ची उचलून बाहेर नेतो. आज मी या घरात बसलेला आहे तो त्या कुरकुरीमुळे. नाहीतर म्हापशाला एका इमारतीत वरच्या मजल्यावर बसून खालच्या गाड्या बघत असतो.

माझं शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत, तेही पुरतं नाही. बापाने शाळेतून उठवून रापणीवर नेलं आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्यामुळे हे लिहिताना वाक्यं जाळ्यासारखी ओढत आणतोय. माशाबरोबर शेवाळही येईल. वाचणाऱ्याने निवडून घ्यावं.

रापण ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून समुद्रात मोठा वळसा घेऊन जाळं सोडायचं, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या, आणि मग सगळ्या वाडीने वाळूत टाचा रोवून मागे मागे सरकत ती ओढायची. जाळं वर आलं की मासे वाळूवर ढीग घालून वाटायचे. एकेका ढिगाला वाटा म्हणतात. कायदा एकच, ज्याचा हात दोरीला लागला त्याला वाटा. जातीचं, वयाचं, घरचं काही विचारायचं नाही. मी त्या रापणीचा तांडेल होतो, म्हणजे सगळ्यांना हुकूम करणारा. हुकूम करायची सवय अजून गेलेली नाही असं वाडीतले म्हणतात. कशाला जाईल. पेन्शन मिळाली नाही, निदान सवय तरी राहू दे.

आमची रापण मोडली त्याला बरीच वर्षं झाली. मोठ्या यांत्रिक बोटी आल्या, किनाऱ्याजवळ मासा उरला नाही, पोरं हॉटेलांत आणि पर्यटकांच्या होड्यांवर गेली. दोरी गुंडाळून मी माळ्यावर टाकली. मालवण आता शहर झालंय. आमच्या वाडीतला रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही बाजूंचे फणस, आंबे, ओवळी गेल्या. बकुळीला आम्ही ओवळ म्हणतो. जो तो अंगणात सिमेंटचे ठोकळे बसवून मोकळा झाला. मे महिन्यात बाजारातून घरी यायचं तर एका सावलीचाही आसरा नाही. पिशवीतले बांगडे घरी पोचेपर्यंत अर्धे शिजायचे.

मी सांगतोय तो उन्हाळा त्याच्या पुढचा आहे.

त्या वर्षी सुरंगी फुलली तेव्हा मी बावीवर पडलो. कळशी वर आली होती, ती काठावर घेताना डोळ्यांपुढे काळोख झाला. किती वेळ पडलो होतो ते मला ठाऊक नाही. जाग आली तेव्हा डोक्याशी शालन बसली होती, माझ्या कपाळावर पदर ओला करून ठेवत. शालन म्हणजे आमच्या दगडी कुंपणापलीकडची, गडग्यापलीकडची शेजारीण. चाळिशीची बाई, घरगुती जेवणाची खानावळ चालवते, आणि वाडीतल्या बायकांच्या बचत गटाची पुढारी.

"पाय घसारलो माझो," मी म्हटलं.

"घसारलो तर मगे उठलात कित्याक नाय?" ती म्हणाली.

मला दवाखान्यात नेलं ते ठीक. पण तिने माझ्या झिलाला, मुलाला, फोन केला. सुहास म्हापशाला एका कंपनीत आहे, सून तिथेच शाळेत शिकवते. माणसं चांगली. पण त्या दिवशी फोनवर त्याचा आवाज असा होता, की मी तांडेल आणि तो पोरगा हे उलटंच झालं. म्हणाला, "बाबा, आता एकटे रवाचा नाय. मे म्हयन्यात मी येतंय. घराक कुलूप घालूया. हंय तुमका वेगळी खोली आसा."

वेगळी खोली. ज्या माणसाने उभा जन्म समुद्राच्या अंगणात काढला त्याला वेगळी खोली. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. फोन ठेवला. आणि शालनशी बोलायचं बंद केलं.

म्हणून ती काही दिवसांनी कळशी घेऊन फाटकात उभी राहिली तेव्हा मी वर बघितलंच नाही.

गोष्ट अशी होती. आदल्या पावसात त्या बायकांनी रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडं लावली होती. शाळेच्या गडग्यापासून मासळी बाजाराच्या वळणापर्यंत. ओवळी, उंडी, जांभळी, दोन सुरंगी. कुणी सांगितलं नव्हतं. शालनच्या सासूला, भामाकाकीला, बाजारातून येताना उन्हाने घेरी आली होती, तिथून हे सुरू झालं. पावसात झाडं मजेत वाढली. पण आता नळाला पाणी एक दिवस आड, तेही घरात पुरेना. वाडीतल्या बाकीच्या बावी समुद्राजवळच्या, उन्हात मचूळ होणाऱ्या. एक माझीच बाव गोडी. आजोबांनी खणलेली, आजवर कधी खारी झाली नाही. कारण मी तिच्यावर पंप बसवू दिलेला नाही. पंपाने ओढलं तर खालचं खारं पाणी वर येतं. शेजारच्या हॉटेलवाल्याने पाइप टाकायला दहा वेळा विचारलं, दहा वेळा नाही म्हटलं.

"तात्यानू, झाडां सुकतत," शालन म्हणाली.

"माझ्या बावीचा पाणी गाड्ये धुवूक नाय, हॉटेलाक नाय, आणि फोटो काढूक लावलेल्या झाडांक पण नाय."

"फोटोत मधोमध तुमीच उभे आसात."

ते खरं होतं. मी पडवीत गेलो.

त्यानंतरचे दिवस मला आजही जसेच्या तसे दिसतात. मी पडवीत बसून रस्त्याकडे बघत नसल्यासारखा बघायचो. बायका घरातून जे मिळेल ते पाणी आणत होत्या. तांदूळ धुतलेलं. मासे धुतलेलं, त्याच्यामागे मांजरं. भामाकाकी आंघोळीचं पाणी तांब्यातांब्याने झाडापर्यंत नेत होती, कंबरेत वाकलेली, वाटेत दोनदा थांबून. कोणी माझ्या घराकडे मान वळवत नव्हतं. काजूच्या बोंडांचा तो आंबूस वास सगळीकडे भरलेला, दुपार डांबरासारखी चिकट, आणि माझ्या फाटकासमोर लावलेली ओवळ रोज थोडी अधिक मान टाकत होती. माझी बायको इंदू ओवळीची फुलं पदरात वेचून आणायची, रस्त्यावरच्या जुन्या झाडाखालून. सुकली तरी वास जात नाही म्हणून ती पेटीत कपड्यांत ठेवायची. ती पेटी मी त्याच दिवसांत उघडली होती, म्हापशाला काय न्यायचं ते बघायला. उघडली आणि परत मिटली.

एका सकाळी बघतो तर ओवळीच्या पानांच्या कडा जळलेल्या. भाजल्यासारख्या तपकिरी. मी फाटक उघडून बाहेर गेलो, आळ्यातली माती बोटावर घेऊन जिभेला लावली. खारट.

"कोणी घातल्यान ह्या पाणी?" मी रस्त्यावर उभा राहून ओरडलो.

भामाकाकी पलीकडच्या झाडाशी होती. "मी घातलंय. खालच्या बावीचा. पाणी ता पाणी."

"खाऱ्या पाण्यार झाडां जगतत? समुद्रात कधी आंबो धरलेलो बघितलंस?"

"मगे गोडा पाणी तुझ्या बावीत. बावीक कुलूप घातलंस."

"बावीक कुलूप नसता."

"घराक असता मां," म्हातारी म्हणाली. "तुझो झील येवन घालतलो म्हणतत. मगे गोडा पाणी काय करतलंस? म्हापशाक बाटलेतून न्हेतलंस?"

माझ्या वयाचं आता वाडीत मला अरे-तुरे करणारं फार कोणी उरलेलं नाही. एक ही, आणि एक बाबल, जो रापणीच्या दुसऱ्या टोकाची दोरी सांभाळायचा. ती असं बोलली की लागतं. मी काहीतरी जोरदार बोलायला तोंड उघडलं. पण बोललो ते भलतंच.

"सांजेक येवा," मी म्हटलं. "सगळ्यांनी. कळशी घेवन. पंप हाडल्यात तर पंपासकट बावीत घालतलंय."

भामाकाकीने तांब्या खाली ठेवला आणि घरात शालनला सांगायला गेली. धन्यवाद वगैरे काही म्हणाली नाही. बरं झालं. म्हणाली असती तर मी रागावलो असतो.

सांजेला अख्खी वाडी आली. मला वाटलं होतं चार बायका येतील. आल्या त्या नवऱ्यांना, सासऱ्यांना घेऊन. बाबल आला. खानावळीतला आचारी आला. अंगण भरलं. इंदू गेल्यानंतर त्या अंगणात इतकी माणसं उभी राहिली नव्हती, आणि तेव्हा उभी राहिली होती ती वेगळ्या कारणासाठी.

मी तांडेलाच्या आवाजात कायदा सांगितला. "पाणी हातान शेंदूचा. जो दोरीक हात लावतलो, तेकाच वाटो. रापणीचो नेम."

"कसलो वाटो, तात्यानू?" शालनने विचारलं. "पाणी तर झाडाचा."

"सावली पडतली तेवा सावलीचो," मी म्हटलं. तोंडाला आलं ते बोललो.

आता इथे जे झालं ते फक्त आमच्याच वाडीत होऊ शकतं. दुसऱ्या कुठल्याही गावात बावीवर एक माणूस पाणी शेंदतो, बाकीचे रांगेत उभे राहतात. पण आमची सगळी घरं रापणीची. दोरीला हात लागला तर वाटा, हे ऐकल्यावर कोणालाच मागे राहायचं नव्हतं. कळशी खाली सोडली. ती बुडबुडली, भरली. पहिल्याने दोरी धरली, त्याच्या मागे दुसऱ्याने, मग तिसरीने. बाबलने सवयीने आवाज दिला, "होऽ हैसा," आणि सगळी वाडी गुडघे वाकवून, टाचा रोवून, मागे मागे चालत निघाली. फाटकातून बाहेर. रस्त्यावर. पलीकडच्या गटारापर्यंत.

कळशी वर येऊन रहाटाला आपटली. तरी ओढणं थांबेना, कारण रापणीत जड लागलं की मासा भरपूर आहे असं समजून जास्त ओढतात. आणि मग रहाट, त्याच्या आडव्या वाशासकट, खांबावरून निघाला आणि कठड्यावरून उडी मारून अंगणातून घसरत फाटकापर्यंत आला. सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर बसली. कळशीचा पापड झाला होता.

रस्त्यावर एक गाडी थांबली होती, पर्यटकांची. खिडकीतून एका गृहस्थाने डोकं काढलं. "इथे काय चाललंय हो?"

"रापण," भामाकाकी म्हणाली. ती पण दोरीला होती.

"मग काही मिळालं का?"

"रहाट गावलो."

आजोबांचा रहाट. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. एकजण हळूच दोरी सोडून उभा राहिला, पळायच्या तयारीत. मी शिवी द्यायला श्वास घेतला, आणि त्या श्वासाचं हसू झालं. पोटात दुखेपर्यंत. मला हसताना बघून आधी कोणाला धीर झाला नाही, मग बाबल हसला, मग शालन गटाराच्या कडेला बसून पदर तोंडाला लावून हसली, आणि मग काय, तो गाडीवाला पण. त्या अंगणात किती वर्षांनी कोणी मोठ्याने हसलं होतं. मी शालनशी बोलत नव्हतो हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं, तोवर बोलून झालं होतं.

शाळेच्या मागे एक फणसाचं खोड पडलं होतं. रस्ता रुंद करताना पाडलेलं. वाडीतल्या सुताराने त्याचा नवा रहाट केला, पिवळ्याधमक लाकडाचा. पहिले काही दिवस त्याला फणसाचा वास यायचा की काय असं मला वाटायचं. बाबल म्हणाला वेडा झालास. असेन. पण रस्त्यासाठी गेलेलं झाड रस्त्यावरच्या नव्या झाडांना पाणी पाजतंय, हे बघत बसायला मला आवडायचं. ते वर्षानुवर्षं आमच्या डोक्यावर उभं होतं, तेव्हा त्याच्याकडे कोणी मान वर करून बघितलं नव्हतं.

नियम झाला. एका वेळी एकाच माणसाने शेंदायचं, ज्याची पाळी त्याने. एक घर, एक झाड. मला डॉक्टरांनी दोरी ओढायची बंदी केली होती, म्हणून मी खुर्ची घेऊन बावीजवळ बसायचो आणि चुका काढायचो. हे काम मी उत्तम करतो.

झाडांना गुरं तोंड लावत होती. काठ्या रोवून कुंपण करायचं ठरलं, पण बांधायला काय. मी माळ्यावरून रापणीची दोरी काढायला लावली. धुळीने भरलेली, अजून मिठाचा वास धरून बसलेली. कोयता घेतला तेव्हा बाबल समोर बसला होता.

"कापतंस?" तो म्हणाला.

"मगे काय पुजा करू?"

 त्याने दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं, पूर्वी धरायचा तसंच, आणि ताणून धरलं, कापायला सोपं जावं म्हणून. आम्ही दोघे कितीतरी दुपारी पडवीत बसून ती दोरी उलगडत होतो, पीळ सोडवून सुटी करत होतो. कोकमाचे रतांबे फोडून वाळत घातलेले असायचे, त्यांचा आंबट वास, वर कावळे. बोलायला विषय लागत नव्हता. त्या दोरीने किती मासा ओढला होता. आता ती रोपांना धरून उभी राहणार होती.

तो उन्हाळा म्हणजे असल्या लहान गोष्टींचा. नगरपालिकेची आरोग्यसेविका आली, एक तरतरीत मुलगी, हातात बाटली, बाटलीत बोटाच्या पेराएवढे मासे. वाडीत तापाचे रोगी होते. तिला ते मासे माझ्या बावीत सोडायचे होते, डासांची अंडी खातात म्हणून.

"माझ्या बावीत मासे?" मी म्हटलं. "आयुष्यभर पाण्यातून मासे काढलंय. घालूक नाय."

"आजोबा, हे खायचे नाहीत."

"ता बघूनच कळला. ह्यांची कडी केली तर शोधूक भिंग लागतला."

बाबल म्हणाला, "सोडूक दी रे. तुका सोबत होतली." आणि मुलीला म्हणाला, "हेका गळ घेवन बावीर बसूक देव नको हां, बाय." ती हसली, आणि बाटली माझ्याच हातात दिली. मी सोडले. रोज सकाळी मी त्यांना वाकून बघतो. भाताचे शीतकण टाकतो. कोणाला सांगितलेलं नाही.

पातेऱ्याचंही, म्हणजे पालापाचोळ्याचंही, तसंच. अंगण झाडून गोळा झालेला पातेरा तिन्हीसांजेला पेटवायचा ही आमची पिढ्यांची रीत. सगळ्या वाडीत धूर. शालनच्या गटाने ठरवलं, जाळायचा नाही, झाडांच्या आळ्यात पसरायचा, वर नारळाची सोडणं पालथी घालायची म्हणजे ओल टिकते. मी जाळणं बंद केलं ते कोणाच्या सांगण्यावरून नव्हे. समोरच्या ओवळीला पातेरा हवा होता म्हणून. पण धूर गेला आणि संध्याकाळी भामाकाकीचा खोकला ऐकू येईनासा झाला. इतकी वर्षं तो खोकला मला घड्याळासारखा ऐकू यायचा. म्हातारी कधी एका शब्दाने बोलली नव्हती. या वाडीत माझ्यासारख्या खवीस माणसाला लोकांनी किती सांभाळून घेतलंय त्याचा हिशोब मला जमणारा नाही.

आणि असे दिवस चांगले जात असताना मे महिना आला.

सुहास आला तो सांजेला, नेमका रहाट चालू असताना. गाडीच्या मागच्या सीटवर रिकाम्या बॅगा होत्या, त्या मला खुर्चीवरूनच दिसल्या. माझी पेटी मी भरून ठेवली होती. मी कोणाकडे आयुष्यात कधी हात पसरला नाही, मुलाकडेही पसरणार नव्हतो. न्यायचं म्हणाला तर उठायचं आणि गाडीत बसायचं, मागे वळून बघायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणून सांगतो, जमलं असतं की नाही ते देवाला ठाऊक.

तो माझ्या पाया पडला. मग शालनला म्हणाला, "शालनताई, तुमचे उपकार झाले. उद्या सकाळी बाबांक घेवन जातंय."

रहाट थांबला. पाळी खानावळीतल्या आचाऱ्याची होती, तो कळशी अर्ध्यात धरून उभा राहिला.

"खुशाल न्हे," शालन म्हणाली. "तुझो बापूस, तुझो हक्क. फकत तेंचो वाटो कोणाकडे ठेवचो ता सांगून जा."

"कसलो वाटो?"

"सावलीचो. नेम तेंनीच घातलो हा. दोरीक हात लावतलो तेका वाटो."

"पण बाबा खंय दोरी ओढतत? डॉक्टरान नको म्हणान सांगलेला आसा."

भामाकाकी कठड्याला टेकून बसली होती. ती म्हणाली, "सुहास, तुझो आजो आंधळो झालो तेवा रापणीर येवन वाळूत बसा. नुसतो बसा आणि गाळी घाली. तेचो वाटो कोणी कापलेलो तुका आठावता?"

 त्याला आठवत होतं, मला दिसलं. लहानपणी तो आजोबांचा हात धरून त्यांना वाळूवर आणायचा, आणि आजोबांचा वाटा सदऱ्याच्या ओच्यात भरून घरी न्यायचा. सदरा नासला म्हणून इंदू दोघांवर ओरडायची. दोरी ओढणं ज्याच्याने होत नाही त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा, ही रीत आमची. माझ्या बापाच्या वेळी ती मीच पाळली होती, तांडेल म्हणून. माझ्या वाट्याला ती परत येईल असं मनात आलं नव्हतं.

"आणि परत पडले तर?" तो हळू आवाजात म्हणाला. आवाज फोनवरचा नव्हता. भ्यालेल्या मुलाचा होता.

"तर मी परत फोन करतलंय," शालन म्हणाली. "पयलो कोणी केलो हुतो?"

 सुहासने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि आचाऱ्याच्या हातातून दोरी घेतली. कंपनीत बसून हात मऊ झाले होते, तिसऱ्या कळशीला लाल झाले. मी म्हटलं, "कोपर आत घे. दोरी वायच सैल सोड. असो कोण शेंदता?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "होय, तांडेलानू." आणि कळशी वर आली.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या बॅगांत त्याने रतांब्याची सोलं, फणस, आणि शालनने दिलेले कुळथाच्या पिठाचे पुडे भरून नेले. पेटी तिथेच राहिली. मी ती उघडून कपडे परत खुंटीवर लावले, ओवळीची सुकी फुलं होती तिथे ठेवली.

तेव्हापासून माझ्या घरी एक व्यवस्था आहे. सकाळी माझ्या दाराची कडी वाजली नाही तर भामाकाकी गडग्यावरून हाक मारते, "जिवंत आसंस काय रे?" मी मुद्दाम थोडा उशिरा ओ देतो. तिला दोन हाका माराव्या लागतात. तिने तिसरी मारली की शालन येते, म्हणून तिथपर्यंत जाऊ देत नाही. शालनला तिच्या त्या फोनबद्दल मी अजून काही बोललेलो नाही. हे कुठे छापून आलं तर ती वाचेल. वाचल्यावर मला काही विचारू नये.

सगळी झाडं जगली नाहीत. शाळेजवळची एक जांभूळ गेली, तिच्या जागी दुसरी लावली. एक सुरंगी अजून रुसल्यासारखी उभी आहे. पण बाकीची डोक्याच्या वर गेलीत. यंदा सुहास शिमग्याला आला तेव्हा त्याने त्याच्या मुलीला माझ्या ओवळीखाली उभं करून उंची मोजली, आणि मुलगी हरली म्हणून रडली.

काल दुपारी मी बाजारातून येत होतो. पिशवीत बांगडे. डांबर तसंच तापलेलं, पण रस्ता तसा राहिलेला नाही. प्रत्येक झाडाच्या बुडाशी सावलीचा एकेक लहान ढीग पडला होता. शाळेपासून वळणापर्यंत, थोड्या थोड्या अंतराने, रापण वर आल्यावर वाळूवर माशांचे वाटे घालतात अगदी तसे. एकात कुत्रं झोपलं होतं. एकात भाजीवालीने टोपली ठेवली होती. एकात हेल्मेट मांडीवर घेऊन कोणी परका पोरगा फोनवर बोलत होता, त्याने दोरीला कधी हात लावलेला नाही, पण चालायचं, रापणीवर आलेल्या पाहुण्यालाही आम्ही दोन मासे देत होतो.

माझ्या फाटकासमोरच्या ओवळीखाली कोणी नव्हतं. माझी खुर्ची होती. शालन गडग्यापलीकडे भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही.

"बसा, तात्यानू," ती म्हणाली. "तुमचो काढून ठेवलो हा."

मासे उन्हात ठेवायचे नसतात. मी पिशवी झाडाच्या बुंध्याशी सावलीत ठेवली आणि बसलो.